काशीत सोडलेली नासपती

"माणसानं एकदा मनावर ताबा मिळवला की दुनियेत त्याला कशाची गरज राहत न्हाई," असे भुजंगरावांनी जाहीर केले. वाक्य मोठे होते आणि ते नीट पोचलेही असते. पण तोंडात मूठभर गोळ्या असल्यामुळे 'ताबा' हा शब्द जरा चिकट आला.

सिंधुबाईंनी तळहात पुढे केला. "थुका."

"काय थुकू?"

"माझ्या गुडघ्याचं औषध."

भुजंगरावांनी ते गिळून टाकले. होमिओपॅथीच्या त्या पांढऱ्या, बारीक गोळ्या. सिंधुबाईंनी बाटली उलटी करून पाहिली. एकही पडली नाही. भुजंगरावांचे गुडघे, लिहून ठेवायला हरकत नाही, कधीच दुखले नव्हते.

"गोड लागत्यात म्हणून खाल्ल्या," ते म्हणाले. प्रामाणिकपणा अंगात होता, फक्त तो उशिरा यायचा.

भुजंगराव औशाच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसायचे आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचे. आयुष्यभर एवढेच केले, पण आवाज असा की 'निलंगा' म्हणाले तरी लोकांना काहीतरी महत्त्वाचे घडल्यासारखे वाटे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या अंगावर गांध्या उठू लागल्या. आधी पोटावर, मग पाठीवर, आणि एका दुपारी निलंग्याची गाडी सांगता सांगता ओठच सुजले. निलंगा अर्धाच राहिला. मुलगी शिवांगी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनीअरिंगला होती. ती त्यांना धरून नांदेडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पुढच्या वेळी सूज घशात उतरली तर घोषणा दुसऱ्या कुणालातरी कराव्या लागतील, असे डॉक्टरांनी सौम्य भाषेत सांगितले.

मग आहाराच्या मॅडम आल्या. त्यांचे म्हणणे सोपे होते. चोर कोण ते ठाऊक नाही, तर आधी सगळ्यांनाच घराबाहेर काढायचे आणि मग एकेकाला आत घेऊन बघायचे. गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, वांगी, टोमॅटो, चहा, साखर, गूळ, सगळे बाहेर. आत उरले भात, मुगाचे वरण, कोबी, दुधी आणि मीठ.

"आन् फळं?" भुजंगरावांनी जीव गोळा करून विचारले होते.

"सगळी बंद. फक्त एक चालेल. नासपती. साल काढून. गोड खावंसं वाटलं की तेवढंच खायचं."

त्यावर भुजंगराव बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मॅडमना वाटले, मनाची तयारी चालली आहे.

खरी गोष्ट काशीतली होती. आई गेल्यावर भुजंगराव आणि सिंधुबाई गावच्या मंडळींबरोबर काशीला गेले होते. काशीला गेलेल्या माणसाने गेलेल्याच्या नावाने एक आवडते फळ जन्मभरासाठी सोडायचे असते. भुजंगरावांनी त्यावर आख्खा प्रवासभर विचार केला. केळी सोडली तर उपासाचे वांधे. पेरू सोडला तर हिवाळा वाया. ज्याचे औशात कुणी नाव काढत नाही, गाड्यावर जे कधी दिसत नाही, असे फळ पाहिजे. घाटावर त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी माइकवरच्या आवाजात सांगितले, "नासपती."

"आवडते ना?" गुरुजींनी विचारले.

"जीव की प्राण."

तोवर त्यांनी नासपती एकदाही खाल्ली नव्हती. पाठोपाठ सिंधुबाईंची पाळी होती. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आंबा."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळहून सिंधुबाईंच्या भावाची आंब्यांची पाटी येई. भुजंगराव कोपरापर्यंत ओघळ नेत आंबे खात आणि सिंधुबाई त्यांच्यापुढे कोयी टाकायला ताटली आणून ठेवत.

गोळ्यांची बातमी शिवांगीला फोनवर कळली तेव्हा ती ओरडली, "पप्पा, त्या दुधाच्या साखरेच्या असतात! दूध बंद आहे तुमचं! आता सगळं पहिल्यापासून धरा." रविवारी स्वतः नासपती घेऊन येते म्हणाली. काशीचे तिला कुणी सांगितले नव्हते.

शनिवारी भुजंगरावांना खिडकीत बसवेना. उठले, पाणी प्याले, बसले, पुन्हा उठले. पाण्यालाही काही चव असते का, याचा त्यांनी बारकाईने शोध घेतला. नसते. समोर रसवंतीचे घुंगरू वाजत होते. उसाचे कांडके चरकात जाताना ते एखाद्या नातेवाइकाला निरोप द्यावा तसे बघत राहिले, आणि तशाच नजरेने त्यांनी माइक ओढला.

"निलंगा गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. आलं, लिंबू, बर्फ कमी."

दोन नंबरच्या फलाटावरून एका म्हातारीने गाडीत वाकून बघितले. मग खिडकीत कंडक्टर आनंदराजचे तोंड आले. मूळचा नांदेडकडचा, भुजंगरावांचा जुना दोस्त.

"भुजंगराव, बर्फ कमीवाल्या गाडीला तिकीट किती लावू?"

"मस्करी करू नको, बाबा. जीव जायलाय."

"पोरगी उद्या फळं आणून राहिली ना? मग फिकर कशाची?"

भुजंगरावांनी इकडेतिकडे बघून काशीची हकीकत सांगितली. आनंदराज इतका हसला की त्याला खिडकीचे गज धरावे लागले.

"म्हणजे समद्या दुनियेतली फळं सोडून तुम्ही नेमकी नासपतीच…"

"हुशारी केली रे मी."

"आमच्या आज्यानं धम्माची दीक्षा घेतली ते लई बरं झालं बघा. आमची समदी फळं शाबूत हायेत." त्याने डोळे पुसले. "अर्ज करा. नासपतीची बदली मागा. ती परत घ्या आन् कारलं द्या."

"काशीत सोडलेलं औशात मिळत न्हाई."

"मग वहिनीला न सांगता खा."

भुजंगरावांनी माइक बंद आहे ना ते पाहिले. मग म्हणाले, "तिनं आंबा सोडलाय."

"खरंच?"

"हाव."

आनंदराजचे हसू थांबले. त्याने खांद्यावरची बॅग नीट केली आणि तो गाडीकडे गेला.

रविवारी घर आंब्याच्या वासाने भरले होते. मेहुण्याची पाटी सकाळीच आली होती. घरात दोन माणसे, पाटीभर आंबे, आणि खाणारे कुणी नाही. सिंधुबाईंनी पाटीवर ओले फडके टाकले. वास फडक्यातूनही आला. भुजंगराव ओसरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून ओसरीत जात राहिले, आणि दर फेरीत पाटीला वळसा घालत राहिले.

शिवांगी आली आणि तिने पिशवीतून नासपती काढल्या. एकेकीला पांढऱ्या जाळीचे स्वेटर घातलेले होते. मे महिन्यात स्वेटर घातलेली ती फळे बघून भुजंगरावांना त्यांची दया आली.

"लई हिंडले तवा मिळाल्या," शिवांगी म्हणाली. स्वतः उभ्याउभ्या दोन आंबे चोखले, आणि संध्याकाळच्या गाडीला निघताना चपलेत पाय घालत म्हणाली, "पप्पा, पुन्हा ओठ सुजले ना, तर मी कॉलेज सोडून इथं येऊन बसेन. मग बघा."

ती गेली. नासपती देवापुढे ठेवलेल्या होत्या. सिंधुबाई विळीवर दुधी चिरत होत्या.

"मी काय म्हणतो," भुजंगराव दारात उभे राहून म्हणाले, "काशीला फोन लावावा का?"

"आन् गुरुजींना काय इचारणार?"

"सोडलेलं फळ औषध म्हणून चालतंय का, एवढंच."

"औषध तर तुमी कुणाचंबी खातावच की."

भुजंगरावांनी आणखी एक फेरी मारली. परत आले तेव्हा सिंधुबाईंनी एक नासपती उचलून तिचे स्वेटर काढले होते. विळीवर त्यांनी ती सावकाश सोलली, फोडी केल्या आणि ताटलीत ठेवल्या. ताटली तीच होती, कोयींची.

"खावा."

"आगं, आईच्या नावानं सोडलीय."

"तुमी काय सोडलंय ते मला तवाच कळलं हुतं." त्यांनी विळी मिटवली. "मी घरनं निघताना बोरं सोडायची ठरवून गेले हुते. पण तुमी नासपती म्हनलाव. मग मला आंबा म्हणावं लागलं. आत्याबाईच्या नावानं दोघांत मिळून एक तरी खरं सुटाया पाहिजे का न्हाई?"

भुजंगराव ताटली घेऊन खाली बसले.

"माझ्या आंब्यात तुमचंबी झालं म्हणा," त्या म्हणाल्या. "खावा आता. पोरगी उन्हात हिंडलीय."

भुजंगरावांनी एक फोड तोंडात टाकली. थंड होती, पाणीदार होती, बेताची गोड होती, आणि दाताखाली ओल्या वाळूसारखी करकरली. जीव की प्राण म्हणावे असे तिच्यात काही नव्हते. तरी त्यांनी ती पुष्कळ वेळ चावली. डोळे फडक्याखालच्या पाटीवर होते. सगळे उन्हाळे याच खोलीत गेले होते. हाच वास, आणि समोर हीच बाई हातात ताटली घेऊन.

ताटली खाली ठेवून ते उठून उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"सिंधु, मी जाहीर करतो. डाक्टरनं परवानगी दिली तरीबी आजपासून या जल्मात मी आंब्याला…"

"बसा."

"आगं, ऐकून तर घे."

"आंबा डाक्टरनं बंद केलाय. तुमी नुसतं सांगायलाव. खाली बसा."

ते बसले. ताटलीत दोन फोडी होत्या. त्यांनी त्यातली एक सिंधुबाईंच्या पुढे सरकवली. सिंधुबाईंनी ती उचलली, खाल्ली, आणि तोंड वाकडे केले.

"ह्या फळासाठी काशीत खोटं बोललाव?"

बाहेर निलंग्याकडे जाणारी गाडी हॉर्न वाजवत गेली. सिंधुबाई दुधीचे पातेले घेऊन उठू लागल्या. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. मध्येच थांबल्या, श्वास घेतला आणि मग सरळ झाल्या.

"ही पाटी उद्या आनंदराजभाऊजींना नेऊन द्या. त्यांच्या लेकरांना व्हईल."

"हाव."

"आन् येताना माझी गोळ्यांची बाटली भरून आणा. गुडघा लई दुखायलाय." त्या चुलीकडे वळल्या. "वाटंत झाकण उघडू नका."