पुढच्या बोटीनं

माझे सासरे मॉरिशसचे, असं सांगितलं की इथल्या, जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मराठी बायका आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मंगळसूत्राकडे बघतात. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. इंग्रजांनी उसाच्या मळ्यांत राबायला कोकणातून माणसं नेली, त्यांतली ही पाचवी पिढी. गणपती बसवतात, जाखडी नाचतात, घरात तिथली क्रेओल भाषा बोलतात आणि देवापुढे मराठी. माझा नवरा हृषिकेश तिथून इंजिनियरिंगला पुण्यात आला, मला भेटला, आणि आम्ही दोघं गाड्यांच्या कारखान्यातल्या नोकरीमागे इथे आलो. सासूबाई गेल्यावर बाबाही आमच्याकडे आले. नाव वासुदेव. सत्त्याहत्तरावं चालू होतं, पण शर्टाला इस्त्री नसेल तर ब्रेड आणायलाही खाली उतरायचे नाहीत.

मी तोंडाची फटकळ आहे, हे माझी आईसुद्धा सांगेल. पण घरातल्या माणसाला नाही म्हणायची वेळ आली की माझी वाचा बसते. आमच्यात ती पद्धतच नाही. शेजारची जर्मन बाई तोंडावर नाईन, म्हणजे चक्क नाही, म्हणते आणि शांतपणे कॉफी पीत राहते. आम्ही म्हणतो, बघू.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात ब्रिटननं शागोसची बेटं मॉरिशसला परत द्यायचं कबूल केलं, तशी बातमी लागली होती. बाबा टीव्हीसमोर उभेच राहिले. जेवताना म्हणाले, मला पोर्ट लुईला जायचंय, एका बाईला शोधायचंय, पाय चालतायत तोवर. मी कसली ऐकतेय. म्हटलं, अहो बाबा, सासूबाई होत्या तोवर बोलला नाहीत ते, आणि आता कोण ही? ते जरासे हसले आणि भात कालवत राहिले. मी म्हटलं, बघू, नाताळात, वाईनाख्टनच्या सुट्टीत जमवू.

वाईनाख्टनमध्ये हृषिकेशला सुट्टी मिळाली नाही. ऑस्टर्नला, म्हणजे ईस्टरला, बाबांच्या आउफेंटहाल्ट्सटीटेलची, इथे राहायच्या परवान्याची, मुदत संपत आली. नवं कार्ड हातात येईपर्यंत देश सोडू नका असं परवान्याच्या ऑफिसात म्हणाले, आणि तिथला टेर्मिन, भेटीची वेळ, मिळायलाच सात आठवडे. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, हे मी आजही कुणालाही सांगेन. बाबा दर वेळी विचारायचे, मी दर वेळी बघू म्हणायचे, आणि ते बरं म्हणायचे.

मे महिन्यात आमच्या अन्वीला शाळेत रेफेराट करायचं होतं, वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलायचं. सातवीतली मुलगी, मराठी सगळं कळतं, उत्तर देते जर्मनमध्ये, आणि आजोबांना तिचं जर्मन कळायला लागलं होतं. विषय होता, एक बेट, वसाहतीपासून स्वातंत्र्यापर्यंत. आजोबा घरातच असल्यावर पुस्तकं कशाला, म्हणून तिनं हॉलमध्ये टेबलावर मोबाईल ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. बाबांनी त्यासाठी शर्ट बदलला. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, दार उघडं होतं.

छान रंगले होते. आधी डच आले आणि कंटाळून गेले, मग फ्रेंचांनी गुलाम आणले, मग इंग्रजांनी बेट जिंकलं. गुलामी बंद झाली तेव्हा मळ्यात हात कमी पडले, म्हणून आपली माणसं आणली, आणि बोटीतून उतरल्या उतरल्या प्रत्येकाला नंबर दिला. मग आला बारा मार्च अडुसष्ट. जानेवारीत दंगल झालेली, त्यामुळे इंग्रजांची राजकन्या यायची ती आलीच नाही. भर दुपारी बारा वाजता रेसकोर्सच्या मैदानात त्यांचा झेंडा उतरला आणि आमचा चार रंगांचा चढला. बाबा वीस वर्षांचे होते. ओरडून ओरडून घसा बसला होता म्हणाले.

अन्वीनं जर्मनमध्ये विचारलं, आणि मग दुसऱ्या दिवशी तू काय केलंस?

बाबा म्हणाले, कामावर गेलो. मी बोटीच्या ऑफिसात तिकिटाच्या खिडकीवर होतो.

स्वातंत्र्य द्यायच्या तीन वर्षं आधीच इंग्रजांनी शागोसची बेटं मॉरिशसपासून कापून स्वतःकडे ठेवली होती, अमेरिकेच्या लष्करी तळासाठी. तिथली माणसं दवाखान्याला, खरेदीला पोर्ट लुईला यायची, आणि घरी परत जायला बाबांच्या खिडकीशी. वरून सांगून ठेवलेलं होतं, यांना तिकीट द्यायचं नाही. त्यात एक रोझलीन होती, बाळंतपणाला आलेली. नवरा आणि दोन पोरं तिकडे बेटावर. ती दर मंगळवारी यायची.

"मी तिला नाही म्हटलं नाही," बाबा म्हणाले. "माझ्या तोंडून निघेना. मी हसून सांगायचो, पुढच्या बोटीनं. ती आभार मानायची आणि समोरच्या बाकावर बसून राहायची. आधी बाळ मांडीवर असायचं. मग ते बाकावर बसायला लागलं. मग बाक धरून उभं राहिलं. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर ती भांडली असती, रडली असती, कुणाचे तरी पाय धरले असते. मी तिला वर्षभर नुसतं बसवून ठेवलं. आणि एका मंगळवारी ती आलीच नाही. मला हलकं वाटलं, बाळा. हलकं."

ती असेल तर तिला, नसेल तर त्या बाळाला भेटून एवढंच सांगायचं होतं त्यांना, की बोट नव्हती आणि मला ते माहीत होतं.

तव्यावरची पोळी करपली. मी काही दगड नाही, माझे डोळे भरून आले, सासऱ्यांची चेष्टा केल्याची लाज वाटली. तिथूनच मोठ्यानं म्हटलं, बाबा, उन्हाळ्यात जाऊ, नक्की. आणि त्या क्षणी ते मला अगदी मनापासून वाटत होतं. मी दुसरी पोळी टाकली.

अन्वीला रेफेराटमध्ये एक नंबरची ग्रेड मिळाली. आम्ही पिझ्झा मागवला.

उन्हाळ्यात हृषिकेशला न्युरेम्बर्गच्या प्रोजेक्टवर टाकलं. तो फक्त शनिवार-रविवार घरी, मग एकट्या बाबांना अकरा-बारा तासांच्या विमानात कसं बसवणार? मी म्हटलं, मार्चमध्ये जाऊ या, तुमचा झेंड्याचाच दिवस धरून. बाबा बरं म्हणाले. सप्टेंबरपासून त्यांनी विचारणंच बंद केलं. खरं सांगते, मला हलकं वाटलं. हाच शब्द. मी तो ऐकलेला होता, पोळ्या लाटता लाटता, आणि तरी मला तो ओळखू आला नाही.

नोव्हेंबरमध्ये हृदयानं दगा दिला. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. शेवटच्या सकाळी क्रेओलमध्ये काहीतरी बोलत होते, हळूहळू, कुणाला तरी समजावल्यासारखं. एवढी वर्षं त्या घरची सून, पण मी क्रेओल शिकले नाही. हृषिकेशला कळलं असतं. तो न्युरेम्बर्गहून ट्रेननं निघाला होता आणि ट्रेन वाटेत अडकली होती. मी बाबांचा हात धरून हो बाबा, हो बाबा म्हणत बसले. कशाला हो म्हणत होते, देव जाणे.

तेराव्याला मी त्यांचे शर्ट घड्या घालून ठेवत होते. अन्वी आली, मोबाईल माझ्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली. ती मराठीत म्हणाली, "आई, शेवटचं ऐक." चुकूनही मराठी न बोलणारी पोर.

ते मे महिन्याचं रेकॉर्डिंग होतं. रोझलीन, बाक, बाळ. मग लांबून, भांड्यांच्या आवाजातून, माझा आवाज. बाबा, उन्हाळ्यात जाऊ, नक्की. काय गोड आवाज लागला होता माझा.

मग अन्वी कुजबुजत जर्मनमध्ये विचारते, आई खरंच नेणार आहे का तुला?

"नाही गं," बाबा म्हणतात. "मीही असंच म्हणायचो. अगदी ह्याच आवाजात."

मग तू सांग ना तिला तसं, अन्वी म्हणते.

"नको. तिला वाईट वाटेल."

पुढे पुन्हा माझाच आवाज आहे, पोळ्या गार होतायत, चला म्हणून. खुर्ची सरकते, आणि बाबा म्हणतात, आलो.