एतेल्का नेनींचा गुपित पत्ता

"रेका, माझं नाव यादीतून काढ बाई!"

फोनवर एतेल्का नेनी होत्या. नेनी म्हणजे मावशी, हंगेरीतल्या साऱ्या मिश्कोल्त्स शहराच्या मावशी. तीस वर्षं बाजारात बसून त्यांनी लोकांच्या टोपल्यांतली अळंबी तपासली होती. विषारी कुठली, खायची कुठली, ते त्या नजरेनं सांगायच्या. रेका अळंबी वेचणाऱ्यांची ईमेल-यादी सांभाळायची. एका पत्त्यावर पत्र टाकलं की चारशे सभासदांना पोचायचं. पण सगळे वाट पाहायचे ती नेनींच्याच उत्तराची.

"रागावलात का?" मांडीवरच्या लेकीला भरवता भरवता रेकानं विचारलं.

"शुक्रवारी एकानं मला थेट फोटो पाठवला. हिरवट टोपीचं, जिवावरचं अळंबं. मी पाहिला सोमवारी! केस उगवायच्या तेलाच्या न् लॉटरीच्या दोनशे पत्रांखाली दबला होता. तो माणूस वाट पाहून कंटाळला न् त्यानं अळंबं फेकून दिलं, म्हणून वाचला. आता मला हे ओझं पेलत नाही गं."

रेकाच्या हातातला घास हातातच राहिला. "पण त्या मेल्या जाहिरातवाल्यांना तुमचा पत्ता देतं कोण? आपली माणसं तसली नाहीत हं!"

"बघायचंय? मी नवा पत्ता काढते. पाद्र्यालासुद्धा सांगणार नाही. त्यावरून तुझ्या यादीला फक्त एक पत्र लिहीन."

रेकाला चैन पडेना. रोज विचारायची, "आलं का काही?" नवव्या दिवशी नेनी खदखदून हसल्या. "आलं! मला टक्कल पडलंय म्हणे!"

"कुणी विकला पत्ता?"

"कुणी विकायची गरजच नाही. तुझ्या यादीच्या संकेतस्थळावर जुनी पत्रं सगळ्या जगाला उघडी आहेत, पत्त्यांसकट. यंत्रं पानापानांतून हिंडतात, पत्त्यातलं ते @ असं वेटोळं चिन्ह दिसलं की वेचून नेतात."

"पण नेनी, सगळं उघडं ठेवणं हाच तर आपला अभिमान! कुणीही यावं, फुकट शिकावं."

"शिकू दे की! विद्या उघडी ठेव. पत्ता माझा आहे, तो मांडताना मला विचारलंस? बाजारात विषारी अळंबं मी सगळ्यांना दाखवायचे. ते कुणाच्या टोपलीतलं न् तो राहतो कुठं, हे चौकात ओरडत नव्हते!"

रेकानं पान उघडलं. चारशे पत्ते! त्यात तिच्या आईचाही. अरे देवा, हे आपणच मांडून ठेवलं!

दुपारी लेक झोपली तेवढ्या वेळात तिनं जुन्या पत्रांतले पत्ते पुसले. आता बाहेरच्याला फक्त नावं दिसतात. पत्ता लिहायचाच असेल तर चिन्हाऐवजी 'कुकॉत्स', म्हणजे अळी, हा शब्द लिहायचा. हंगेरीत आम्ही त्या वेटोळ्याला अळीच म्हणतो.

"माणसाला कळेल, यंत्र चक्रावेल," नेनी म्हणाल्या. "पण उद्या एखादं यंत्र आपली भाषा शिकेलही. नुसत्या अळीवर विसंबू नकोस."

गेलेले पत्ते मात्र परत येणार नव्हते. नेनींनी दोन्ही पत्ते सोडले, तिसरा घेतला. यादी सोडली नाही.

रविवारी सकाळी एका घाबरलेल्या आईचा फोटो आला: अंगणातून लेकीनं हे काय उचललंय? चार मिनिटांत नेनींचं उत्तर गेलं: "फोटोवरून मी 'खा' असं कधीच म्हणत नाही. हे टाका, पोरीचे हात धुवा. तोंडात गेलं असेल तर आत्ताच्या आत्ता दवाखान्यात!"

मंडळी, शाळेची, गायनमंडळाची, इमारतीची, कसली ना कसली यादी आपल्यापाशी असतेच. त्यातले पत्ते आपले नसतात. विश्वासानं ठेवायला दिलेले असतात. आपलं दार खुशाल उघडं टाकावं, शेजाऱ्याचं उघडण्याआधी त्याला विचारावं!