इंग्रजी बंगल्याचा पोटमाळा

धारजवळच्या त्या बंगल्याचं नाव संरक्षित इमारतींच्या यादीत आलं, तेव्हा मापं घ्यायला देवासची वास्तुविशारद देवश्री आली. संस्थानात नोकरीला असलेल्या एका इंग्रज इंजिनिअरनं तो आपल्या खेड्यातल्या घरासारखा बांधला होता: तीव्र उताराचं कौलारू छप्पर, पांढऱ्या भिंतींत काळ्या लाकडी पट्ट्या आणि माळव्यात फारसं कामाला न येणारं विटांचं उंच धुराडं. चौकीदार शरदकाका वीस वर्षं तिथंच मागच्या खोलीत राहत होते.

दुपारी ती शिडीनं पोटमाळ्यावर चढली. छपराचं लाकूड मोजत मधोमध गेली आणि पायाखालची फळी मोडली. उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. पंधरा फुटांवर दिवाणखान्याची फरशी होती. तिनं तुळईला मिठी मारली, तर हातात भुगाच आला. वाळवीनं आतून सगळं पोखरलं होतं.

काका चढू लागले तसं तिनं त्यांना थांबवलं. दोघांचं वजन ते लाकूड पेलणार नव्हतं. नुसता श्वास घेतला तरी फळ्या करकरत होत्या.

"बेटा, धुराड्याकडे बघ," काका खालून हळू आवाजात म्हणाले. "तिथे लोखंडी गर्डर आहे. मरम्मतीच्या वेळी मीच मजुरांबरोबर चढवलाय."

"नकाशात नाहीये, काका."

"नकाशा राहू दे. पोटावर झोप आणि सरक."

पाय वर ओढताना खिळ्यानं पोटरी फाटली. ती इंचाइंचानं सरकत राहिली. अर्ध्यावर तुळई कडाडली आणि तिच्या मागच्या फळ्या धाडकन खाली दिवाणखान्यात कोसळल्या. काका खालून हाका मारत होते. मग तळहाताला गार लोखंड लागलं. काकांनी पडलेल्या भगदाडातून शिडी गर्डरला टेकवली आणि ती खाली उतरली.

अंगणात तिनं पोटरीची जखम बांधली. संध्याकाळी तिनं अहवालात लिहिलं, बंगल्यात कुणीही राहू नये. काका चिडले, आता या वयात कुठं जायचं म्हणाले. तिनं त्यांच्या खाटेच्या वरच्या तुळईवर हातोडी मारली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. काकांनी गादी गुंडाळली आणि ते फाटकाजवळच्या पक्क्या खोलीत गेले.

महिन्याभरानं सुतार आले. देवश्रीनं शिडीवर दोनदा पाय ठेवला आणि काढून घेतला. तिसऱ्यांदा ती चढली, घामेजल्या हातांनी, एकदाही खाली न बघता.