उजव्या पायाचा बूट

मी उजव्या पायाचा बूट बोलतोय. डाव्याची चौकशी करू नका, तो कुणी शिवलाच नाही.

जेरुसलेमच्या एका ज्यू धर्मन्यायालयात, फडताळाच्या मधल्या फळीवर माझा मुक्काम असतो. मी नखशिखांत चामड्याचा. खिळा नाही, धातूची कडीही नाही. लांब पट्टे आहेत, ते पोटरीला गुंडाळून बांधतात. मला घालून कुणी बाजारात गेलं नाही. नवरा मूल न होता वारला, की त्याची विधवा दिराशी बांधली जाते. दिराने मला पायात घालावं आणि तिने एकट्या उजव्या हाताने पट्टे सोडून मला भिरकावून द्यावं, मगच ती मोकळी. तेवढ्यापुरतं माझं काम. बाकी वेळ मी कान देऊन असतो. खोडच आहे मला ती.

तिर्झा पहिल्यांदा आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. नवरा ओवाद्या गेला, त्याला दोन वर्षं झालेली. माहेरचे न्यायला आले होते, पण ही आपण होऊन सासूपाशी राहिली. दोन गल्ल्यांपलीकडचा शालतिएल बेकरीवाला, विधुर आणि भला माणूस, त्याने मागणी घातली म्हणून हे सगळं.

सासू बुलिसा दाराशी खुर्चीत बसली होती. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"रब्बी, शास्त्रात ती विधवा सून सासूला चिकटून राहिली ना? दावक म्हणतात त्याला. माझी तिर्झा तशीच आहे. पाव विकणाऱ्याने मध्येच नाक खुपसलंय."

"आई, दोन गल्ल्या सोडून तर राहणार आहे मी," तिर्झा म्हणाली. "रोज येईन."

"सगळ्या असंच म्हणतात."

म्हातारे रब्बी चष्मा पुसत म्हणाले, "बुलिसाबाई, त्या सासूने आधी सुनेला तीन वेळा 'जा' म्हटलं होतं. वाट मोकळी असताना राहणं, त्याला दावक म्हणायचं. दाराला कडी घालून नव्हे."

"आणि 'जा' म्हटल्यावर गेली तर?"

रब्बींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विधी सुरू करायला सांगितलं. मला वाटतं, त्यांना तिची दया आली असावी.

दीर निस्सीमचा पाय धुतला, मला चढवलं, पट्टे बांधले. तो चार पावलं चालला. पाय जमिनीवर घट्ट रोवून ठेवायचा असतो, नाहीतर विधी फुकट. तिर्झा वाकली. बोटं कशी चपळ. दोन गाठी केव्हा सुटल्या, मलाही कळलं नाही. तेवढ्यात दाराशी बुलिसा खोकली.

निस्सीमने टाच उचलली.

चूक नव्हती ती. मी त्याच्या पायात होतो, मला कळतं.

"पाय उचलला. पुन्हा करू," रब्बी म्हणाले.

"आज नको," निस्सीम म्हणाला. "आईला बरं वाटत नाहीये."

तो 'आज' सरायला एकोणीस वर्षं लागली. न्यायालयाने बोलावणी धाडली, समजावलं, पण दिराच्या मनाविरुद्ध मला त्याच्या पायात कोण घालणार? शिपाई मेनाशेकडून मला बातम्या लागायच्या. शालतिएल तीन वर्षं थांबला आणि मग त्याने दुसरीशी लग्न केलं. त्या लग्नाचा गोड पाव बुलिसाने तिर्झालाच आणायला पाठवलं. शेवटची सात वर्षं बुलिसा अंथरुणावर होती. तिचं हगणंमुतणं काढलं तिर्झाने, आणि बुलिसा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बघा, कशी चिकटून आहे."

बुलिसाचे दिवस उरकल्यावर दुसऱ्याच आठवड्यात निस्सीम स्वतःहून न्यायालयात आला. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि बांधलेली भावजय घराबाहेर काढता येत नव्हती.

यावेळी त्याने पाय असा रोवला की फरशीला भोक पडावं. तिर्झा वाकली. धुण्याने सुजलेली, वाकडी झालेली बोटं. गाठ सुटेना. एकच हात वापरायचा, आणि मदत कुणी करायची नाही.

"वहिनी, जरा लवकर," निस्सीम म्हणाला. "माणूस घर बघायला येतोय."

"हो भावोजी." सवयीने म्हणाली ती.

अखेर पट्टा सुटला. तिने मला काढून भिरकावलं. मग रिवाजाप्रमाणे त्याच्यासमोर जमिनीवर थुंकायचं. न्यायाधीशांना थुंकी दिसावी लागते. तिचं तोंड कोरडं पडलेलं. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा जेमतेम एक थेंब पडला. "दिसला," रब्बी म्हणाले. आता ते फारच थकले होते. मग रिवाजाप्रमाणे सगळे तीनदा 'बूट काढलेला' असं म्हणाले, आणि ती मोकळी झाली.

निस्सीम मोजे चढवत म्हणाला, "सामान संध्याकाळपर्यंत हलवा."

तिर्झा मला उचलायला आली. ते शिपायाचं काम, पण पडलेलं उचलायची तिच्या हाताला सवय. मला पुसता पुसता ती रब्बींना म्हणाली, "शेवटच्या रात्री मी आईंना सांगितलं. एकदा 'जा' म्हटलं असतंत, तर मी राहिले असते."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'खोटं.' आणि पाणी मागितलं."

तिने मला फळीवर ठेवलं आणि गेली. कुठे, ते मेनाशेलाही ठाऊक नाही. मी चौकशी चालू ठेवली आहे.

आता माझे पट्टे मऊ पडलेत, टाच झिजलेली नाही. चार-चार पावलांनी ती झिजणार कशी? पुढे ज्या दिराचा पाय माझ्यात येईल, त्याला एवढंच सांगणं आहे. बाबा रे, यायचंच आहे तर तिची बोटं सरळ आहेत तोवर ये.