जहाज कुणासाठी थांबतं

डॉमिनिका बेटावर, रोझोच्या धक्क्याला पर्यटकांचं जहाज लागलं की बेट फिरवून आणायला मी माझी व्हॅन घेऊन हजर असतो. जहाजाच्या बसपेक्षा मी स्वस्त. फरक एवढाच, की त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. माझ्या पाहुण्यांसाठी थांबत नाही.

परस्पर माझी गाडी ठरवलेल्या डोरीनबाई सकाळपासून तेच घोकत होत्या. "वेळेत पोचवाल ना? नक्की?" माझं डोकं उठलं होतं. धबधबासुद्धा बाईंनी घड्याळातच बघितला.

परतताना डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर टायर पंक्चर झाला. मागे जहाजाची बस येऊन अडकली. ती चालवतो कथबर्ट, माझ्या बहिणीचा नवरा.

"गाडी कडेला घे की!" तो ओरडला. "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

"तुझ्या सासऱ्याचाच आहे!"

तरी मी बाईंना म्हणालो, "जरा उतरा. गाडी कडेला ढकलतो, बस जाऊ दे."

"बस पोचली की जहाज सुटेल?"

"सुटेल."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. मग त्या उतरल्या आणि बसच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"सावकाश होऊ द्या तुमचं," त्या मला म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"