नाय देत अंगठा

पनवेलजवळच्या नेरे गावातल्या एका फार्महाऊसवर ठाकरवाडीतल्या पाच बायका हिरवळीतलं तण काढायच्या. पाहुणे शनिवारी येणार, म्हणून मॅनेजर इंद्रजीतनं घाई केली आणि भामाला उघड्या हातानं तणनाशक कालवायला लावलं. सांजेला हात लाल झाला, सकाळी तळव्याची साल निघाली.

भामाला दवाखान्यात नेलं तिच्या जावेनं, शुक्रीनं. दुसऱ्या दिवशी शुक्री कामावर आली, तर इंद्रजीतनं कागद पुढं केला.

"इथे अंगठा दे. भामा त्या दिवशी कामावर नव्हती, एवढंच लिहिलंय."

"माज्या शेजारीच व्हती की ती."

"तुला काम हवंय ना?"

शुक्रीला वाटलं, आता राग येईल. पण तो आला नाही. दिवसभर चिखलात लावणी केल्यावर पाय बधिर होतात, तसं सगळं अंग झालं होतं.

"नाय देत," ती म्हणाली आणि तण काढायला बसली.

संध्याकाळी वाडीत पाचीजणी जमल्या. त्यांच्यातली संजना दहावी शिकलेली.

"नुसतं बोलून काय व्हायचं नाय," ती म्हणाली. "तारीख घालून अर्ज लिवू. दवाखान्याचा कागद जोडू. सगल्यांचे अंगठे पायजेत."

मालू घाबरली. "पान्यात ऱ्हावून माशाशी वैर कशाला गं?"

"वैर नाय केलं तरी मासा गिळतोच हाय," म्हातारी कमळाबाई म्हणाली आणि तिनं पहिला अंगठा उमटवला.

सोमवारी पनवेलला कामगार हापिसात संजनानं अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. आठवड्यानं अधिकारी येऊन बघून गेले. भामाच्या औषधपाण्याचा खर्च मालकानं पत्करला, सगळ्यांना रबरी हातमोजे आले.

आणि शुक्रीला फाटकातच अडवलं.

"तू नको उद्यापासून," इंद्रजीत म्हणाला. "आजही नको."

"ती नाय तं आमीबी नाय," कमळाबाई म्हणाली आणि फाटकासमोर धुळीत बसली. तिच्यामागं संजना, मालू. हाताला पट्टी बांधलेली भामाही येऊन टेकली. संजनानं अर्जाची प्रत मांडीवर उघडून ठेवली. ऊन डोक्यावर आलं. इंद्रजीत दोनदा फोनवर बोलला, मग त्यानं फाटक उघडलं.

"जिकलो गं!" मालूनं शुक्रीला गदागदा हलवलं.

"हां," शुक्री म्हणाली.

भामाची तीन बोटं अजून मिटत नव्हती. शुक्रीनं हातमोजे चढवले. ते पुरुषांच्या मापाचे होते. बोटांची टोकं पोकळ लोंबत होती, गवत धड धरवत नव्हतं. ती उपटत राहिली.