तारेतली गाठ

प्रेमलता गजभिये सौंसरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. ग्रीकांचे ग्रंथ अरबीत गेले आणि तिथल्या पंडितांनी त्यावरून काय काय भांडणं केली, हा तिच्या पीएच.डी.चा विषय. त्यातलं एक भांडण ती वर्गात दरवर्षी रंगवून सांगायची, कारण त्यात कापूस होता आणि समोरच्या पोरी कापसाच्या शेतांतूनच आलेल्या. बगदादचा एक धर्मपंडित म्हणतो, कापसाला आग भिडली की तो काळा पडतो, एवढंच आपण बघतो. आगीनंच जाळलं, हे कोणी पाहिलंय? जाळणारा ईश्वर. पुढे कॉर्डोबाचा एक काजी, ग्रीकांचा मोठा भाष्यकार, त्याला सुनावतो, की कारणच नाकारलं तर माणसानं जाणायचं तरी काय?

“मी काजीच्या बाजूनं,” ती म्हणायची, आणि पोरी वहीत तेवढंच लिहून घ्यायच्या.

ऐन हंगामात बोरगावजवळच्या केशवराव शेठच्या जिनिंगला, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला, आग लागली. दोघं गेले. एक वैभव, प्रेमलताचा धाकटा भाऊ, तिथला वायरमन. दुसरी प्रियंका, तिथे सरकी उचलायला जाणारी कलाबाईची एकुलती पोरगी. वैभव बाहेर निघाला होता, प्रियंकाची किंचाळी ऐकून परत आत शिरला, असं तिथल्या बाया सांगत.

केशवरावांनी चौकशीत सांगितलं, वैभवनं रुईच्या ढिगाजवळ बिडी पेटवली.

“आयुष्यात त्यानं बिडी ओढली नाही,” प्रेमलता त्याच्या बायकोला, चंचलला म्हणाली. “असं कसं ऐकून घ्यायचं?”

चंचल भिंतीला टेकून बसली होती. “म्हणून राहिले तर म्हणू द्या, ताई. आता काय फरक पडते?”

“मला पडतो.”

कलाबाई त्या दिवसांत रोज चंचलकडे यायची. स्वतःसाठी चूल पेटवायची नाही, पण चंचलसाठी भाकर करून आणायची. दर शनिवारी जामसांवलीच्या देवळात जाऊन झोपलेल्या मारुतीच्या मूर्तीपुढे बसायची. “त्यानंच नेली माह्या पोरीले,” ती म्हणायची. “नेणाऱ्याले कोण विचारते? अन् तुह्या नवऱ्यानं तर तिच्यासाठी जीव देला, चंचल. मी विसरन का ते?”

जळकं शेड भंगारवाल्याला जायच्या आधी प्रेमलता तिथे गेली. स्विचबोर्डाखालच्या राखेत तिला तारेचा एक गोळा मिळाला, वितळून घट्ट झालेला, वरून जळालेल्या प्लास्टिकचं काळं कवच. तिच्या कॉलेजातून विज्ञान शिकून गेलेला कुणाल इंदूरला एका प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या सूक्ष्मदर्शकावर काम करत होता. तिथे वस्तू न कापता, न फोडता तिच्या पोटातलं केसाएवढं सुद्धा दिसे. तिनं त्याला फोन केला.

चंचल ते ऐकून उठून उभी राहिली. “नका पाठवू, ताई.”

“काऊन?”

“असंच. नका पाठवू.”

प्रेमलताला वाटलं, दुःखानं बोलतेय. तिनं गोळा स्वतः इंदूरला नेला.

कुणालनं गोळा यंत्रात फिरवत ठेवला आणि त्याच्या आतलं चित्र पडद्यावर उभं केलं. तांबं ठळक होतं. त्याच्याभोवती एक फिकट तार पिळून गुंडाळलेली, आणि दोन्ही जिथे भिडत होत्या तिथे एकमेकांत वितळलेल्या.

“मॅडम, ही फिकट दिसतेय ती ॲल्युमिनियमची. तांब्याला ॲल्युमिनियम असं नुसतं पिळून जोडलं तर जोड सैल पडतो, तापत जातो. आग बहुतेक इथूनच सुरू झाली.”

“म्हणजे बिडी नाही.”

“बिडी नाही.” कुणालनं पडद्यावरच्या पिळावर बोट ठेवलं. “पण मॅडम, हा जोड कोणी मारला असेल?”

तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. परतीच्या बसमध्ये ती मुलताईपर्यंत खुशीत होती. तिथे कुणालचा प्रश्न परत आठवला, आणि पुढे नाही.

चंचलनं दारातच तिचा चेहरा वाचला. “दिसलं ना?”

“तुला माहीत होतं?”

“तुमचा भाऊ घरी येऊन सांगे. शेठ म्हणते, हंगाम निघून जाऊ दे, मग नवी तार आणू, तोवर आहे त्याच्यातच जोड. नाही जोडलं तर दुसरा वायरमन आणतो म्हणे.” ती खाली बसली. “बिडी म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, चूक झाली बिचाऱ्याची. विसरले असते.”

“मग शेठचं नाव सांगू. सगळं सांगू.”

तिनं सांगितलं. चौकशी अधिकाऱ्यानं चित्रं लक्ष देऊन पाहिली, कुणालचं कौतुकही केलं. “जोड कोणी मारला?”

“माझ्या भावानं. पण मालकाच्या सांगण्यावरून.”

“त्याचा पुरावा?”

वैभवकडून ऐकलेलं चंचलनं सांगून पाहिलं, पण ते पुरावा धरलं गेलं नाही; शेठचं सांगणं तारेत उमटलं नव्हतं. केशवरावांनी हात जोडले आणि म्हणाले की बिडीचा त्यांचा गैरसमज झाला, मॅडमनी तो दूर केला; आपण तर वैभवला कायम चांगली तार वापरायला सांगत होतो. प्रकरण मिटलं. दोष मेलेल्या वायरमनचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कलाबाई आली. हातात भाकर नव्हती. प्रेमलता तिथेच होती. कलाबाई वैभवच्या हार घातलेल्या फोटोपुढे उभी राहिली.

“मारुतीनं नेली म्हणून मले झोप येत होती,” ती प्रेमलताला म्हणाली. “आता डोळे मिटले की याचे हात दिसते. तार पिळून राहिलेले.”

“कलाबाई, शेठनं त्याला...”

“शेठचे हात कुठं हायेत तुमच्या त्या तारेच्या फोटूत? दाखवा.”

कलाबाई चंचलकडे वळली. “अन् तुले माहीत होतं. माही भाकर खात होती तू.”

आठवडाभरात चंचलशी गल्लीत कोणी बोलेना. महिन्याच्या आत ती पांढुर्ण्याला भावाकडे निघून गेली. प्रेमलता भेटायला गेली, तर तिनं दार अर्धंच उघडलं.

“तुमचा भाऊ बिडी ओढत नव्हता, हे झालं ना सिद्ध?” ती म्हणाली. “आता येत नका जाऊ.”

पुढच्या हंगामात जिनिंग परत सुरू झालं. फाटकावर केशवरावांनी मोठा फ्लेक्स लावला. त्यावर कुणालनं काढलेलं चित्र, रंग भरून, माणसाएवढं, आणि खाली अक्षरं: ‘वायरमन वैभव गजभिये यांची एक चूक. दोन जीव. काळजी घ्या.’

प्रेमलता आत गेली. “हे काढा.”

केशवरावांनी खुर्ची दिली, चहा मागवला. “मॅडम, पोरांना शिकायला मिळते. खोटं काही लिहिलं का त्यात?”

ती चहा न घेता उठली. फाटकातून कामावर जाणाऱ्या बायांची रांग आत येत होती. त्यात कलाबाई होती; पोटासाठी ती आता प्रियंकाच्या जागी लागली होती. फ्लेक्सपाशी ती थांबली, वैभवच्या नावावर थुंकली, आणि तोंड पुसून प्रेमलताकडे न बघता शेडकडे चालत गेली.